रेशीमकिड्यांचा काळ, कपाशीचा राखणदार

जपानात रेशीम हा एकेकाळी घरोघरी चालणारा उद्योग होता. तुतीच्या पानांवर पोसलेले किडे कोश विणण्यापूर्वीच पटापट माना टाकू लागले, की घरावर अवकळा येई. या अकस्मात येणाऱ्या मरणास तेथे 'सोत्तो' म्हणत. १९०१ साली शिगेताने इशिवाता या शास्त्रज्ञाने अशा मृत किड्यांतून एक जंतू वेगळा काढला. रेशीम पिकविणाऱ्यांच्या दृष्टीने तो निव्वळ वैरी होता.

पुढे १९११ मध्ये जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यास पिठातील पतंगाच्या मृत अळ्यांत तसाच जंतू आढळला. थुरिंगिया प्रांतावरून त्याने १९१५ मध्ये त्याचे 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' असे नामकरण केले. बीजुकाशेजारी दिसणाऱ्या एका बारीक कणाचीही त्याने नोंद केली. परंतु त्या कणाचे प्रयोजन दीर्घकाळ अज्ञातच राहिले. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये या जंतूचे कीडनाशक बाजारात आले, तेव्हाही अळी नेमकी कशाने मरते हे कोणास ठाऊक नव्हते!

उलगडा झाला तो कॅनडात. १९५३ साली हॅने याने त्या स्फटिकांकडे पुन्हा लक्ष वेधले आणि १९५४ मध्ये अँगस याने ते रेशीमकिड्यास विषारी असल्याचे सिद्ध केले. हा स्फटिक म्हणजे एक प्रथिन होय. अळीच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात तो विरघळतो; तिचेच पाचकरस त्याला छाटून कार्यक्षम करतात. मग तो आतड्याच्या पेशींवरील ठरावीक जागी चिकटून त्यांना भोके पाडतो. पेशी फुगून फुटतात, अळीचे खाणे थांबते आणि त्या खिंडारातून जंतू तिच्या शरीरात शिरून बेसुमार वाढतात. विषाने वेस उघडावी आणि मागून सैन्य आत घुसावे, तसा हा प्रकार! माणसाच्या जठरातील रस आम्लधर्मी असून त्याच्या आतड्यात त्या ठरावीक जागाही नसतात. म्हणून हे विष त्याला बाधत नाही.

१९८१ मध्ये या प्रथिनाचे जनुक वेगळे काढण्यात यश आले. ते धारण करणाऱ्या कपाशीस भारतात २००२ साली परवानगी मिळाली आणि विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या तोंडी 'बीटी' हा शब्द रुळला. पण जे विष क्वचित एखाद्या अळीच्या वाट्यास येई, ते आता शेतभर, अहोरात्र पसरले. ज्या थोड्या अळ्यांना ते बाधत नव्हते, त्यांचाच वंश वाढला. २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळीने या विषास दाद दिली नसल्याचे जाहीर झाले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कपाशी तिने पोखरली. शेताच्या कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावाव्यात, म्हणजे विषाला बळी पडणाऱ्या अळ्यांचाही वंश टिकेल, हा नियम बहुधा कागदावरच राहिला होता.

निसर्गाने हे शस्त्र जपून वापरले, म्हणून त्याची धार टिकली. ते हाती घेणाऱ्या माणसाला मात्र ही काटकसर अजून शिकावयाची आहे.