बत्तीस लाखांचा हिशेब

लहानपणी आम्ही फार तोंड चालवलं की आजी म्हणायची, "मोठा साडेतीन शहाण्यांतला लागून गेलाय!" त्या साडेतिनांतला एक अख्खा शहाणा आपल्याच नरखेडचा, नागपूरकर भोसल्यांचा दिवाण देवाजीपंत चोरघडे, हे मला फार उशिरा कळलं.

शाळेत एवढंच शिकवलं की जानोजी भोसले निजामाला मिळाले आणि १७६३ मध्ये पुणं लुटलं गेलं. ज्या घरांनी खंडणी भरली नाही ती जाळली. त्याचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण नागपूरच्या गांधी गेटपाशी, म्हणजे जुन्या जुम्मा दरवाजापाशी उभं राहून दिशा आठवा. पश्चिमेला पुणं, दक्षिणेला हैदराबाद आणि मधल्या वऱ्हाडचा वसूल निजामाशी वाटून घ्यायचा. कोणाशीच कायमचं वैर परवडणारं नव्हतं.

निजामाने जानोजींना साताऱ्याच्या गादीची आशा लावली होती. पेशव्यांच्या बाजूने राघोबादादांनी ३२ लाखांचा मुलूख कबूल केला. पंतांच्या सल्ल्याने नागपूरकर फिरले. १० ऑगस्टला गोदाकाठी राक्षसभुवनला निजामाची फौज कापली गेली, तेव्हा भोसल्यांचं सैन्य बाजूला होतं. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर, साडेतिनांतलाच आणखी एक शहाणा, तिथेच पडला.

इथे पंत चुकले, असं मला मनापासून वाटतं. दोघे भांडताहेत तोवरच मधल्याला भाव. ऐन लढाईत निजामाला सोडून मिळवलेला तो मुलूख दोघांच्याही डोळ्यांत सलत राहिला आणि त्या सलानेच दोघांना जवळ आणलं. १७६६ मध्ये पेशवे आणि निजाम मिळून भोसल्यांवर आले. ३२ पैकी २४ लाख गेले, त्यातले १५ निजामाच्या पदरात. १७६९ मध्ये पेशवे माधवराव पुन्हा चालून आले आणि या खेपेला लुटलं गेलं ते नागपूर. पेशव्यांनी चांद्याला वेढा घातला, तर जानोजी हुलकावणी देत थेट पुण्याच्या रोखाने दौडले. तरी मार्चमध्ये कनकापूरच्या तहाला बसावंच लागलं. उरलेले ८ लाखही गेले, वर दरसालची खंडणी.

त्या तहातल्या एका कलमापाशी मी दरवेळी थांबतो. दिल्लीचा बादशहा, निजाम, इंग्रज, कोणाशीही परभारे पत्रव्यवहार करायचा नाही. खंडणी पोटाला चिमटा घेऊन भरता येते. इथे मात्र पंतांच्या हातातला बोरूच काढून घेतला होता.