शस्त्राचा हक्क आणि घटनेतील ‘विना’

आपल्या राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात नागरिकांची स्वातंत्र्ये सांगितली आहेत. त्या हक्कांत शस्त्राचा उल्लेख एकदाच येतो, तोही नकारार्थी : शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष या ‘विना’पाशी थबकावे हे स्वाभाविकच, कारण याच यादीत एके काळी शस्त्र हक्क म्हणूनही येऊ घातले होते.

लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाचे हात परवान्याने बांधले; युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. हा अपमान जिव्हारी लागला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केला. पुढे १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत नोंदला गेला. तो ठराव मांडणारे साक्षात गांधीजी होते!

तोच हक्क घटनेत यावा, अशी दुरुस्ती हरि विष्णु कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत सुचविली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. कोणीही बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार घेऊ लागला तर राज्यकारभार चालावा कसा, हा त्यांचा सवाल होता. महत्त्व हक्काला नव्हे, तर संकटकाळी राज्याने हाक देताच शस्त्र धरण्याच्या कर्तव्याला आहे, असे त्यांचे म्हणणे. कामतांनी नियमांची अट घातलीच होती. तेव्हा केवळ तर्क म्हणून हे उत्तर मला अपुरे वाटते. पण ते वर्ष कोणते होते? जानेवारीत गांधीजींवर पिस्तूल रोखले गेले होते, फाळणीचे रक्त वाळले नव्हते, आणि सप्टेंबरात आपल्या या हैदराबादेत सैन्य आणावे लागले होते.

त्या सभागृहात हैदराबादचे प्रतिनिधी नव्हते. असते, तर त्यांनी कोणती बाजू घेतली असती? सशस्त्र रझाकारांपुढे निःशस्त्र गावे त्यांनी पाहिली होती. सरहद्दीवरील शिबिरांतून आपल्याच तरुणांनी कोणत्याही परवान्यावाचून हाती बंदूक घेतल्याचेही त्यांना ठाऊक होते. या अनुभवातून कामतांचे समर्थनही निघते आणि आंबेडकरांचेही.

अमेरिकेत १७९१ च्या दुरुस्तीतील हा हक्क व्यक्तीचा आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरविले. तेथे निर्बंधाला आपले समर्थन द्यावे लागते. आपल्याकडे १९५९ च्या कायद्यान्वये बंदुकीचा परवाना मागणाऱ्याने कारण द्यावयाचे. वर्णभेद गेला, परवाना राहिला. मूलभूत हक्कांत शस्त्राला होकार मिळाला तो पंचविसाव्या अनुच्छेदात, धर्मस्वातंत्र्याच्या स्पष्टीकरणात. आणि तो शिखांच्या कृपाणापुरता.