आकार नको, टरफल बघा: डायनासोरचं अंडं खरं की बनावट?



रील्स स्क्रोल करताना हा प्रकार तुम्हालाही दिसला असेल. हातमोजे घातलेले हात, लाल मखमल, त्यावर भेगाळलेलं चॉकलेटी रंगाचं अंडं, मागे गूढ म्युझिक आणि खाली ओळ: ‘हंड्रेड पर्सेंट ओरिजिनल डायनासोर एग, विथ सर्टिफिकेट’. किंमतही अशी की अगदीच परवडत नाही असं नाही. नवीन नोकरी लागलेल्या माणसाच्या पहिल्या बोनसवर बरोबर नेम धरलेला असतो. आता ज्याला जीवाश्म जमवायचा नाद नुकताच लागलाय, त्याला ते खरं आहे की नाही हे कळणार कसं?

आजचा भाग त्यावरच आहे. पण आधी गोष्ट, मग टिप्स. कारण अंडं ओळखायची सगळ्यात भरवशाची युक्ती १८५९ सालची आहे, आणि ती लिहून ठेवणाऱ्या माणसाला आपण डायनासोरचं अंडं बघतोय हेच माहीत नव्हतं.

त्याचं नाव झाँ-झाक पुएश. फ्रान्सच्या दक्षिणेला पिरनीज पर्वताच्या पायथ्याशी राहणारा हा कॅथलिक पाद्री. प्रार्थना, शिकवणं वगैरे झालं की साहेब खडक बघत हिंडायचे. तिथे त्याला दगडात अडकलेले पातळ, किंचित वाकलेले तुकडे सापडले. पूर्ण अंडं नाही, नुसते तुकडे. आधी त्याला वाटलं, हे एखाद्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या अंगावरचे खवले असतील. मग त्याने शांतपणे निरीक्षणं मांडली. तुकड्याची जाडी सगळीकडे सारखी आहे. आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना समांतर आहेत. कडेने पाहिलं तर आत तंतूंसारखी रचना दिसते, आणि ते तंतू पृष्ठभागाला काटकोनात उभे आहेत, काड्यापेटीतल्या काड्या उभ्या रचल्यासारखे. आणि सगळ्या तुकड्यांना नियमित गोलाई आहे. म्हणजे ही टरफलं आहेत, शहामृगाच्या अंड्याच्या निदान चौपट मोठ्या अंड्यांची!

मग तो म्हणाला, एवढी मोठी अंडी म्हणजे एखादा राक्षसी पक्षी असणार. तिथे चुकला. प्राणी चुकला, पण अंडं चुकलं नाही. मला हा माणूस फार आवडतो. ‘डायनासोर’ हा शब्द तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा होता. याच्याकडे रेफरन्स नाही, डेटाबेस नाही, तरी त्याने आकारावर नाही, रचनेवर बोट ठेवलं. टरफलं म्हटलं की आपल्याला शाळेतली टिळकांची गोष्ट आठवते. इथे उलट आहे, शेंगा राहू द्या, टरफलंच उचलायची.

डायनासोरचं अंडं जगभर गाजलं ते मात्र १९२३ मध्ये. अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची मोहीम मंगोलियातल्या गोबी वाळवंटात होती, नेता रॉय चॅपमन अँड्र्यूज. फ्लेमिंग क्लिफ्स नावाच्या लालभडक कड्यांपाशी त्यांना घरटी सापडली. पुढच्या मोहिमेसाठी पैसे हवे होते, म्हणून पठ्ठ्याने एक अंडं लिलावात काढलं. ५,००० डॉलरला गेलं. परिणाम काय? मंगोलिया आणि चीनमधल्या अधिकाऱ्यांना वाटलं, हे परदेशी लोक आपल्या वाळवंटातून एकेक अंडं ५,००० डॉलरला नेतायत. पुढच्या परवानग्यांना त्रास सुरू झाला. पब्लिसिटी स्टंट आणि त्याचा टेक्निकल डेट, दुसरं काय!

त्याच घरट्यातली आणखी एक गंमत. अंड्यांजवळ एका छोट्या डायनासोरचा सांगाडा मिळाला. अंडी प्रोटोसेराटॉप्सची आहेत असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं, त्यामुळे हा नक्की चोर. १९२४ मध्ये त्याचं नाव पडलं ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर. पुढे १९९३ मध्ये गोबीतच तशाच प्रकारच्या अंड्यात भ्रूण सापडला, आणि तो ओव्हिरॅप्टरच्याच कुळातला निघाला. बिचारा बहुधा स्वतःचीच अंडी सांभाळत होता. सत्तर वर्षं लेबल चुकीचं, तेही जगातल्या सगळ्यात मोठ्या म्युझियमांपैकी एकात. त्यामुळे विक्रेत्याने ‘हे रॅप्टरचं अंडं’ म्हटलं की लगेच मान डोलवू नका. आत भ्रूण सापडल्याशिवाय अंडं नेमकं कोणत्या जातीचं हे सांगणं फार अवघड असतं. म्हणून शास्त्रज्ञ टरफलांना स्वतंत्र नावं देतात, प्राण्याचं नाव थेट चिकटवत नाहीत.

आता आपल्याकडची गोष्ट. १८१७ ते १८४३ दरम्यान भारतात राहिलेल्या चार्ल्स फ्रेझर नावाच्या माणसाने मध्य भारतातून एक गोल दगड नेला. फोडल्यावर आतमध्ये गुलाबी-पांढऱ्या रंगाचा सुंदर अकीक. साधारण १५ सेंटिमीटरचा. १८८३ मध्ये तो लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आला आणि खनिजांच्या कपाटात जाऊन बसला. नोंद: अकीक. बरोबरच होती की!

मग तिथल्या एका क्युरेटरने फ्रान्समधल्या खनिजांच्या प्रदर्शनात अकीकाने भरलेलं डायनासोरचं अंडं पाहिलं आणि तिच्या डोक्यात ट्यूब पेटली. आपल्याकडेही असलंच काहीतरी आहे! डायनासोरवाल्या सहकाऱ्यांना बोलावलं. त्यांनी काय पाहिलं असेल? पुएशचीच लिस्ट. अकीकाभोवती पातळ, टरफलासारखा थर होता. बाहेरच्या बाजूला शेजारी तशाच गोल वस्तू दाबून बसल्याच्या खुणा होत्या, म्हणजे घरट्यात अंडी एकमेकांना चिकटलेली होती. सीटी स्कॅनचा उपयोग झाला नाही, कारण अकीकाची घनता आड आली. नजरच कामाला आली. ते टायटनोसॉरचं अंडं ठरलं, आणि २०२३ च्या सुरुवातीला म्युझियमने तसं जाहीर केलं. ज्वालामुखीच्या प्रदेशात सिलिकायुक्त पाणी झिरपून पोकळ अंड्यात अकीक तयार झाला होता. १९२३ च्या चाळीस वर्षं आधीच डायनासोरचं अख्खं अंडं लंडनला पोचलं होतं, आणि कुणी टरफलाकडे बघितलंच नाही.

हे ऐकून सह्याद्रीतल्या ट्रेकवरून गोल धोंडा घरी आणू नका, प्लीज. आपला बेसॉल्ट झिजतोच तसा, कांद्यासारखे पापुद्रे सुटत गोल होत जातो. पापुद्र्यांवर पापुद्रे दिसले तर तो दगड आहे. अंड्याला टरफल एकच आणि ते पातळ, बहुतेक वेळा एक ते तीन मिलिमीटर.

आता रीलमधल्या अंड्याकडे या. १९९० च्या दशकात चीनच्या हेनान प्रांतात शिशिया भागात शेतकऱ्यांना अंडी सापडू लागली, हजारोंनी. त्यातली बरीच चोरवाटेने पश्चिमेच्या बाजारात गेली. मागणी वाढली तशी कारागिरीही वाढली. सगळ्यात भोंगळ बनावट म्हणजे साच्यात ओतलेलं प्लास्टर किंवा रेझिन. त्यावर साच्याची जोडरेषा आणि हवेच्या बुडबुड्यांची छिद्रं शोधली की काम झालं. पण हुशार बनावट वेगळं असतं. मधे दगड-मातीचा अंडाकृती गोळा, आणि त्यावर चिकटवलेले खऱ्या टरफलाचे खरे तुकडे! म्हणजे ‘टरफल खरं आहे’ हे विक्रेत्याचं वाक्य खोटं नसतं. फक्त अंडं खोटं असतं.

हे पकडायचं कसं? तुकड्यांमधल्या भेगा बघा. खरं अंडं जमिनीखाली दबून तडकतं, त्यामुळे शेजारचे तुकडे जिगसॉ पझलसारखे एकमेकांत बसतात, थोडे सरकलेले असले तरी. बनावटात कडा जुळत नाहीत, मधल्या फटी लुकणासारख्या लगद्याने भरलेल्या असतात. दुसरं, पुएशची गोलाई. वेगवेगळ्या अंड्यांचे तुकडे एकत्र आले की एखादा सपाट, एखादा जास्त वाकलेला दिसतो. तिसरं, नक्षी. लांबुळक्या अंड्यांवर बारीक कंगोरे असतात आणि मधल्या भागात ते लांबीच्या दिशेने जातात. दर तुकड्याची दिशा वेगळी असेल तर फरशीवाल्याने उरलेल्या टाइल्स लावल्यात असं समजा. युव्ही टॉर्चखाली बरेच गोंद चमकतात, पण खऱ्या अंड्यांचीही डागडुजी होते. थोडा गोंद म्हणजे दुरुस्ती, सगळीकडे गोंद म्हणजे रचना. व्हिनेगरची टेस्ट मात्र करू नका. टरफल फसफसतं हे खरं, पण साधी चुनखडीही फसफसते, आणि नमुना खराब होतो तो वेगळाच.

ऑनलाइन असाल तर एकच मागा, टरफलाच्या तुटलेल्या कडेचा क्लोजअप. दहापट भिंगातून उभे स्फटिक, सारखी जाडी दिसली पाहिजे. गोल-गोल फिरवलेला व्हिडिओ काही सांगत नाही. आणि सर्टिफिकेट? विक्रेत्याने स्वतःच दिलेलं असेल तर ते आमच्या भाषेत सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट. ब्राउझरसुद्धा त्यावर वॉर्निंग दाखवतो.

समजा, सगळ्यात पास झालं. अंडं खरं आहे. खरा त्रास इथे सुरू होतो, कारण मग ते आलं कुठून? मंगोलियात जीवाश्म देशाच्या मालकीचे आहेत, चीनमध्ये कडक नियम आहेत. हेनानमधून अमेरिकेत गेलेल्या ‘बेबी लुई’ नावाच्या भ्रूणाचंच बघा. तो २००१ मध्ये इंडियानापोलिसच्या मुलांच्या म्युझियममध्ये पोचला, आणि २०१३ मध्ये हेनानला परत गेला. घरी परतल्यावर, २०१७ मध्ये, त्या जातीला शास्त्रीय नाव मिळालं: बेबेलाँग सायनेन्सिस. मखमलीवरच्या अंड्याबरोबर तो कोणत्या थरातून, कोणत्या घरट्यातून आला हे येत नाही. टरफल खरं असलं तरी मेटाडेटा डिलीट झालेला असतो.

संग्रह सुरू करायचाच असेल तर कास्ट म्हणूनच विकला जाणारा चांगला कास्ट घ्या, त्यात लाज काही नाही. आणि अस्सल बघायचं असेल तर गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला जा. अहमदाबादहून दोनेक तास. तिथे टायटनोसॉरची अंडी अजून खडकातच रुतलेली आहेत. भिंग बरोबर ठेवा, कडा बघायला. पुढच्या भागात भेटू.