तळटीप : मणिबेली आणि नर्मदा खटला

मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातील नर्मदाकाठचे गाव सरदार सरोवर धरणाच्या बुडितात येणाऱ्या महाराष्ट्राच्या 33 गावांपैकी एक असून, 1994 मध्ये नर्मदा बचाव आंदोलनाने राज्यघटनेच्या अनुच्छेद 32 अन्वये, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची मुभा देणाऱ्या तरतुदीनुसार, या धरणाविरुद्ध रिट याचिका दाखल केली तेव्हा हे गाव धुळे जिल्ह्यात होते; नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी झाला. आदिवासींसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 107 क्रमांकाच्या करारातील विस्थापनविषयक तरतुदीचाही आधार याचिकेच्या बाजूने घेण्यात आला. 18 ऑक्टोबर 2000 रोजी न्या. आनंद व न्या. किरपाल यांच्या बहुमताने धरण पुढे नेण्यास परवानगी दिली, तर न्या. भरुचा यांनी पर्यावरणविषयक मंजुरीच सदोष ठरवून भिन्न मत नोंदवले. आंदोलन हरले, हे खरे असले तरी अपुरे आहे. कारण निकालानुसार धरणाची 90 मीटरच्या पुढची उंची टप्प्याटप्प्याने आणि पुनर्वसनाच्या प्रगतीशी बांधून वाढवायची होती. या पुनर्वसनाच्या बाबतीत नर्मदा जलतंटा लवादाच्या 1979 च्या निवाड्याने सज्ञान मुलग्याला स्वतंत्र कुटुंब मानले होते (मुलीला नव्हे, हे नोंदवायला हवे) आणि त्यालाही जमीन देय आहे, हे न्यायालयाने 15 मार्च 2005 च्या निकालात स्पष्ट केले.