जंतूंची ग्रामसभा

नांदेड-लातूरकडच्या खेड्यांतून फिरताना वेशीबाहेर मरीआईचे लहानसे देऊळ दिसते. शेंदूर फासलेला दगड आणि वर निंबाची सावली. पटकीची साथ आली की आमचे पूर्वज मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडीत आणि हात जोडीत, 'आई, आता गाव सोड!' आमच्या आजीच्या तोंडून त्या रोगाचे नावसुद्धा निघत नसे.

या कोपामागचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यास ओळखला, स्वल्पविरामासारखा वाकडा. हाफकिन यांनी त्यावरची लस १८९२ साली प्रथम स्वतःलाच टोचून घेतली आणि पुढल्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले. परळची संस्था त्यांच्याच नावाची.

तेव्हापासून माणसाचा बाणा एकच : जंतू दिसला की मारा. पण औषधातून जे वाचतात, त्यांची प्रजा त्याच औषधाला दाद देईनाशी होते. मग मारण्याऐवजी त्यांचे बोलणेच ताब्यात घेतले तर?

'गुरुजी, जंतू बोलतात?' वर्गात हा प्रश्न हमखास येतो. वाचकहो, बोलतात, मात्र रसायनांनी! १९७० साली अमेरिकेत नीलसन आणि हेस्टिंग्ज यांनी समुद्रातल्या चमकणाऱ्या जंतूंविषयी लिहिले. हे जंतू विरळ असताना अंधारात असतात, दाटी होताच उजळतात. प्रत्येकजण एक द्रव्य बाहेर सोडतो; ते पुरेसे साचले, की आपण किती जमलो हे साऱ्यांना उमगते. १९९४ साली शास्त्रज्ञांनी या प्रकाराला नाव दिले, तेही सभेच्या गणपूर्तीवरून. आपल्या ग्रामसभेचाच न्याय : पुरेशी माणसे जमल्यावाचून ठराव नाही.

पटकीच्या जंतूंची सभा मात्र उफराटी. थोडे असतात तोवर ते आतड्याला चिकटून विष ओततात. गणपूर्ती झाली की विष आवरून बाहेरची वाट धरतात, दुसरे घर गाठायला. त्यांचे हे निरोपाचे द्रव्य कोणते, ते प्रिन्स्टनच्या बॉनी बॅसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली शोधून काढले.

कॉर्नेल विद्यापीठातील फापिंग दुआन आणि जॉन मार्च यांनी यातूनच युक्ती काढली. आतड्यात निरुपद्रवीपणे राहणाऱ्या एका जंतूला त्यांनी तेच द्रव्य बनवायला शिकवले आणि तो उंदरांच्या पिलांना पाजला. मागाहून आलेल्या पटकीच्या जंतूंना वाटले, सभा भरली, चला निघू! २०१० साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. ८ तास आधी पाजलेल्या पिलांच्या जगण्याचे प्रमाण पुष्कळच वाढले; पटकीबरोबरच पाजलेल्यांना लाभ थोडका झाला. उंदराच्या पिलापासून माणसाच्या लेकरापर्यंतची वाट लांबची. तोवर शुद्ध पाणी आणि मीठ-साखरेचे पाणी हीच आपली खरी शस्त्रे.

तरीही मला त्या वेशीबाहेरच्या गाड्याची आठवण होते. 'आता निघ' हेच पूर्वजांनी आर्जवाने म्हटले होते. या दोघांनीही तेच म्हटले. फक्त ऐकणाऱ्याची भाषा आधी शिकून घेतली.