वाढत्या घराचा शिल्पकार : बाळकृष्ण दोशी

अहमदाबाद येथील लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिरात जैन हस्तलिखितांचा अमोल ठेवा जतन केलेला आहे. आगमप्रभाकर मुनिश्री पुण्यविजयजी महाराजांनी आपला संग्रह तेथे सुपूर्द केला आणि श्रेष्ठिवर्य कस्तुरभाई लालभाई यांनी संस्था उभी केली, हे आपल्यापैकी अनेकांना ज्ञात आहे. परंतु या ज्ञानधनासाठी घर बांधणारे वास्तुविशारद आपल्या पुण्यनगरीत जन्मले होते, हे फारसे कोणी सांगत नाही. त्यांचे नाव बाळकृष्ण विठ्ठलदास दोशी. आडनावावरून ते आपल्याच समाजातील असावेत असे वाटते; ते मात्र गुजराती वैष्णव कुटुंबातील होते.

दोशींचा जन्म 26 ऑगस्ट 1927 रोजी झाला. त्यांचे मातृछत्र ते तान्हे असतानाच हरपले आणि एकत्र कुटुंबाने त्यांना वाढविले. घरचा व्यवसाय फर्निचरचा होता. लाकडाचा गंध, सुतारांची हत्यारे आणि माणसांनी भरलेले घर हेच त्यांचे पहिले विद्यालय होय. कुटुंब वाढले की घरात खोली वाढे, मजला चढे. घर ही एकदाच पूर्ण होणारी वस्तू नसून ते माणसांबरोबर वाढत जाते, हा धडा त्यांना तेथेच मिळाला.

1947 साली त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात वास्तुकलेचे शिक्षण सुरू केले. पुढे ते लंडनला गेले आणि तेथून पॅरिसला ल कार्बुझिए या विश्वविख्यात वास्तुविशारदांकडे रुजू झाले. आरंभीचे आठ महिने त्यांनी विनावेतन काम केले. 1954 मध्ये गुरूंच्या अहमदाबादमधील कामांवर देखरेख करण्यासाठी ते मायदेशी परतले आणि तेच शहर त्यांची कर्मभूमी ठरले. 1955 मध्ये कमलाबेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि 1956 मध्ये त्यांनी ‘वास्तुशिल्प’ हे स्वतःचे कार्यालय सुरू केले. संसार आणि व्यवसाय जणू एकाच मुहूर्तावर सुरू झाले.

विद्यामंदिराचे काम 1962 चे. युरोपातून शिकून आलेल्या या तरुणाने परदेशी नमुना पुढे ठेवला नाही. आपल्याकडे मुनिजन कोठे राहतात, पोथ्या कशा राखल्या जातात, याचा त्यांनी आधी अभ्यास केला. उष्णता, प्रखर ऊन आणि दमट हवा हे ताडपत्राचे व जुन्या कागदाचे शत्रू. म्हणून त्यांनी ग्रंथांना तळघराचा गारवा दिला, इमारतीला उंच जोते दिले आणि तिच्या संपूर्ण लांबीला खोल ओसरी जोडली. ऊन ओसरीतच थांबते. आत पोचतो तो केवळ मवाळ उजेड. उपाश्रयाच्या पायऱ्या चढलेल्या कोणालाही ही वास्तू परकी वाटणार नाही.

याच सुमारास त्यांनी स्वतःच्या कुटुंबासाठी विटांचे साधे घर बांधले आणि त्याला पत्नीचे नाव दिले, ‘कमला’. मोठमोठ्या संस्थांचे आराखडे करणारा हा पुरुष सुमारे सहा दशके त्याच घरात राहिला. तीन कन्या तेथेच वाढल्या. पुढे नात आणि नातजावई त्यांच्याच कार्यालयात वास्तुविशारद म्हणून काम करू लागले. 1980 मध्ये बांधलेल्या कार्यालयालाही त्यांनी ‘संगाथ’ हे नाव दिले. संगाथ म्हणजे सोबत चालणे. त्याच्या कमानदार छपरांवर चिनीमातीच्या फुटक्या फरशांचे तुकडे बसविले आहेत. टाकाऊ तुकडे ऊन परतवितात आणि आतला माणूस गारव्यात बसतो.

त्यांच्या मनाचा मोठेपणा एका प्रसंगातून दिसतो. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या संकुलासाठी त्यांनी स्वतःऐवजी अमेरिकेच्या लुई कान यांचे नाव सुचविले आणि स्वतः त्यांच्यासोबत काम केले. 1962 मध्येच त्यांनी अहमदाबादेत वास्तुकला विद्यालय सुरू केले. त्यातूनच आजचे सेप्ट विद्यापीठ विकसित झाले.

पुण्याच्या घरातील तो धडा सर्वार्थाने फळाला आला तो इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीत. 1989 च्या या योजनेत सुमारे 6,500 घरांची आखणी होती. गरीब कुटुंबाला जोते, पाणी, शौचालय आणि एखादी खोली एवढा पाया द्यावा; पुढचे घर त्याने ऐपतीप्रमाणे, गरजेप्रमाणे वाढवावे, अशी ती कल्पना. घराचा अखेरचा शिल्पकार त्यात राहणारे कुटुंबच असते, हा विश्वास त्यामागे होता. या वसाहतीला 1995 मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

2018 मध्ये वास्तुकलेतील सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. 24 जानेवारी 2023 रोजी, वयाच्या 95 व्या वर्षी, अहमदाबादेत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षात त्यांचे स्मरण करताना एक विचार मनात येतो. आपण मंदिरे, धर्मशाळा, पाठशाळा बांधतो. देणगीदारांच्या शिला लावतो. पण कपाटात बंद असलेल्या आपल्या पोथ्यांना ऊन व ओल लागत नाही ना, वृद्धांना पायऱ्या चढता येतात ना, पुढच्या पिढीला भर घालण्यास जागा राहिली आहे ना, हे प्रश्न आपण किती वेळा विचारतो? वैष्णव घरात जन्मलेल्या एका गृहस्थाने आपल्या श्रुतज्ञानाची ही काळजी वाहिली. त्या ऋणाची जाणीव ठेवून आपणही तसेच बांधावे, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.