लिस्बनमधला शेवटचा दिवस

परक्या शहरातला शेवटचा दिवस हाच खरा आपला दिवस होय. कामाचे कागद बांधून झालेले असतात. पाहावयाच्या स्थळांची यादी एक तर संपलेली असते, नाही तर ती संपणार नाही हे आपण मनाशी पत्करलेले असते. असा एक दिवस मे महिन्याच्या अखेरीस लिस्बनला माझ्या वाट्यास आला. विमान रात्रीचे होते. कोठेही वेळेवर पोचावयाचे नाही, नुसते हिंडावयाचे, एवढाच बेत करून मी सकाळी ग्रासाच्या टेकडीवर जाऊन बसलो.

लिस्बन सात टेकड्यांवर वसले आहे, असे म्हणतात. मोजावयास बसले तर त्या सातांहून अधिक भरतील. एवढे मात्र खरे की, या शहरात माणूस चालत नाही. तो चढतो किंवा उतरतो. काही गल्ल्या तर निव्वळ पायऱ्यांच्या आहेत. उरलेल्यांतून पिवळ्या ट्रामगाड्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना अंग चोरीत वर येतात. खाली तांबड्या कौलांची दाटी आणि तिच्या पलीकडे तेजो नदी. नदी म्हणावयाची खरी. पण येथे तिचे पात्र इतके ऐसपैस की, कोकणातला माणूस तिला खाडीच म्हणेल.

या पाण्याकडे मराठी माणसाला निर्विकार दृष्टीने पाहता येत नाही. याच काठावरून १४९७ साली वास्को द गामाची गलबते निघाली आणि पुढल्या वर्षी कालिकतला लागली. १५१० साली गोवा गेला, तो ४५१ वर्षांनी परत आला. मुंबई बेट येथल्या राजकन्येच्या आंदणात इंग्रजांच्या पदरी पडले, आणि वसई परत घेण्यासाठी १७३९ साली चिमाजी आप्पांना किती माणसे खर्ची घालावी लागली, हे आपण शाळेतच शिकतो. बेलेंचा मठ आणि तेथली वास्को द गामाची समाधी मी आदल्या दिवशी पाहिली होती. दगडाचे काम अप्रतिम आहे. पण तेथून परतताना मनात एक अढी बसली होती, आणि ती घेऊन या शहराचा निरोप घेणे मला बरे वाटेना.

ग्रासाहून उतरताना उजव्या हातास सांव जॉर्जचा किल्ला लागतो. ११४७ साली अफोंसो हेन्रिक या पहिल्या राजाने धर्मयुद्धास निघालेल्या परदेशी सैनिकांच्या साहाय्याने तो मूरांकडून घेतला. जुनी मशीद होती त्या जागी प्रधान चर्च उभे राहिले. हे चर्च जवळ आले की, ट्रामच्या रस्त्यालाच लागून एक साधी, जाड भिंतींची इमारत दिसते. तिचे नाव अल्जूब. शब्द अरबी वळणाचा. मुळातला अर्थ विहीर किंवा खोल खड्डा.

हा लिस्बनचा जुना तुरुंग. सालाझारच्या राजवटीत गुप्त पोलिसांनी पकडलेली माणसे येथे कोंडून ठेवीत. १९६५ साली तो बंद झाला आणि २०१५ पासून तेथे प्रतिकाराचे संग्रहालय आहे. आतल्या कोठड्या इतक्या अरुंद की, माणसाने आडवे व्हावे आणि उठून उभे राहावे, याहून अधिक हालचालीस वाव नाही. त्या कोठडीपुढे उभा असताना एक गोष्ट मनात आली. आपला ‘तुरुंग’ हा शब्द कोशकार पोर्तुगीज ‘त्रोंकु’पासून काढतात. पाव, चावी, पगार हे शब्द ज्यांच्याकडून आले, त्यांच्याचकडून हाही आला. आणि शब्दाबरोबर वस्तूही आली. गोव्याच्या मुक्तीसाठी लढणारे मोहन रानडे १९५५ साली पकडले गेले, त्यांना सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना याच लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात आणून डांबण्यात आले. १९६१ साली गोवा मुक्त झाला, तरी रानडे सुटले नाहीत. ते सुटले १९६९ च्या जानेवारीत. ज्या भूमीसाठी शिक्षा भोगावयाची ती भूमी मोकळी आणि तिचा सैनिक मात्र बंदीत, असा विलक्षण प्रकार आठ वर्षांहून कमी काळ चालला, पण सात वर्षांहून अधिक चालला.

मात्र अल्जूबच्या भिंतींवरचे चेहरे बहुसंख्येने पोर्तुगीजांचेच आहेत. कामगार, विद्यार्थी, वकील, लेखक. आपण ज्यांना सरसकट ‘पोर्तुगीज’ म्हणत आलो, त्यांच्यातलीच ही माणसे त्याच पोलिसांच्या हाती सापडली होती. अढीचा एक पीळ तेथे सुटला.

उतार संपला की, नदीकाठचा विस्तीर्ण चौक येतो. येथे पूर्वी राजवाडा होता आणि त्याच्या लगत हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी. १ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी, सर्व संतांच्या सणाच्या प्रार्थनेसाठी चर्चे भरलेली असताना, भूकंप झाला. मागोमाग नदीतून समुद्राच्या लाटा चढून आल्या आणि अनेक दिवस आग धुमसत राहिली. राजवाडा गेला, ग्रंथालय गेले, कचेरीही गेली. मुख्य प्रधान पोंबाल याने खालचे शहर सरळ, काटकोनी रस्त्यांचे नव्याने आखले आणि भिंतींच्या आत लाकडी सांगाडे बसविले. चौकातल्या राजाच्या अश्वारूढ पुतळ्याच्या चौथऱ्यावर एक दगडी हत्ती आहे. कचेरी नाहीशी झाली. पूर्वेची ओळख तेवढी त्या हत्तीने राखली आहे.

सरळ रस्त्याने चालत गेले की रोसियूचा चौक. मी एका दुकानाबाहेर बसून इवल्याशा पेल्यातली कडू कॉफी घेतली. समोर खांबांचे देखणे नाट्यगृह आहे. त्याच जागी पूर्वी इन्क्विझिशनचा वाडा होता. मला गार्सिया द ओर्ताची आठवण झाली. सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यू घराण्यातला हा वैद्य लिस्बनच्या विद्यापीठात शिकवीत असे. १५३४ साली तो हिंदुस्थानात आला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. आपल्याकडील औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. तो १५६८ साली वारला. पुढल्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्यात जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० साली त्याच्या स्वतःच्या अस्थी उकरून जाळल्या गेल्या. जी सत्ता गोव्यात माणसे जाळीत होती, तिचे मूळचे घर येथे होते आणि तिचे पहिले भक्ष्यही येथलेच होते.

दुपार कलल्यावर सांता जुस्ताच्या लोखंडी पाळण्यातून मी वर गेलो. १९०२ पासून हा पाळणा खालच्या शहरातून माणसे कार्मोच्या टेकडीवर उचलून नेतो आहे. वर कार्मोचे चर्च आहे. भूकंपात त्याचे छप्पर गेले ते पुन्हा घातलेच नाही. उघड्या कमानींवर आकाश टेकलेले. शेजारच्या लहानशा चौकात कारंजे आणि नीलमोहराची झाडे. जांभळ्या फुलांचा सडा पडला होता आणि म्हातारी माणसे बाकांवर गप्पा करीत होती.

२५ एप्रिल १९७४ रोजी हाच चौक माणसांनी फुलून गेला होता. सालाझारचा वारस कायतानु येथल्या पोलीस शिबंदीच्या आश्रयास आला होता. कप्तान साल्गेरू माया याच्या तुकडीने शिबंदीला वेढा दिला आणि संध्याकाळी कायतानुने सत्ता सोडली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकींच्या नळ्यांत कार्नेशनची फुले खोवली. गुप्त पोलिसांच्या गोळ्यांना त्या दिवशी चार माणसे बळी पडली. पुढल्या दोन दिवसांत काशियासचे दरवाजेही उघडले.

बाकावर बसून मी सालांचा हिशेब केला. गोवा मुक्त झाला १९६१ साली, लिस्बन १९७४ साली. ज्यांच्या ताब्यातून आपण सुटलो, ते स्वतः आपल्यानंतर तेरा वर्षांनी सुटले. आणि ते सुटेपर्यंत त्यांच्या सरकारने गोव्यावरचा हक्क कागदोपत्री सोडला नव्हता. तो सोडला ३१ डिसेंबर १९७४ रोजी, नवी दिल्लीत झालेल्या कराराने. करारावर भारतातर्फे सही केली परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी, आणि पोर्तुगालतर्फे मारियू सुआरिश यांनी. चव्हाणांना १९३२ साली इंग्रजांनी अठरा महिने तुरुंगात ठेवले होते. सुआरिश सालाझारचे बंदी. १९४९ साली त्यांचे लग्न झाले तेही अल्जूबमध्ये असताना. साडेचार शतकांचा वाद मिटविणारे दोन्ही हात तुरुंग पाहिलेले होते.

म्हणून बेलेंचे देऊळ पाहून जो राग आला, तो मी टाकून दिला असे नाही. वसईचे रक्त आणि ओर्ताच्या अस्थी विसरावयाच्या नाहीत. पण तो राग कोणावर धरावयाचा, हे मला कार्मोच्या चौकात अधिक नेमके कळले. कारंज्याजवळच्या एका आजीबाईने आपल्या शेजारची पिशवी उचलून मला बसण्यास खूण केली होती. निघताना तिने हात हलविला, मीही हलविला, आणि सामान घेण्यासाठी टेकडी उतरू लागलो.